यमाईच्या मुलखातील वकील

चैत्री पौर्णिमेच्या दिवशी जोतिबाच्या डोंगरावर जो एकदा जाऊन आला, त्यास ते दृश्य विसरणे कठीण. कोल्हापूरच्या वायव्येस पाचसहा कोसांवर असलेला हा वाडी रत्नागिरीचा डोंगर त्या दिवशी गुलालाने माखून निघतो. गावोगावच्या उंचच उंच सासनकाठ्या तोल सावरीत चढाने वर येतात, खोबऱ्याची आणि दवण्याची उधळण होते आणि ‘चांगभलं’च्या गजराने दरी भरून जाते. केदारनाथाचे आजचे देवालय राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधविले. शेजारचे केदारेश्वराचे देवालय दौलतराव शिंद्यांनी १८०८ साली उभारले. परंतु यात्रेचा खरा कळस सायंकाळी असतो. उन्हे उतरली म्हणजे देवाची पालखी मुख्य देवळातून निघते आणि गावाबाहेरील यमाईच्या देवळाकडे जाते. तेथे जमदग्नीच्या कट्यारीशी यमाईचे लग्न लागते आणि पालखी पुन्हा आपल्या ठिकाणी परतते.

ह्या यमाईचे मूळ ठाणे जोतिबाच्या डोंगरावर नाही. ते सातारा जिल्ह्यातील औंध ह्या गावी, टेकडीवरील मूळपीठात आहे. दैत्यांच्या पारिपत्याच्या वेळी जोतिबाने औंधच्या देवीस ‘ये माई’ म्हणून साद घातली आणि त्या हाकेवरूनच तिचे यमाई हे नाव पडले, अशी कथा भाविक सांगतात. कथेतील इतिहास किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यातील भाव मोठा सुंदर आहे. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराकडे हाक गेली, आणि त्या हाकेने दोन दूरची स्थाने कायमची जोडली गेली.

औंधची ही यमाई म्हणजे तेथील पंतप्रतिनिधींचे कुलदैवत. ह्याच घराण्यातील एका पुत्राने आयुष्याची सत्तावीस वर्षे हाक घालण्याचे आणि हाकेस ओ देण्याचे काम केले. आफ्रिकेतील नैरोबी, सिक्कीममधील गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम अशा एकापाठोपाठ एक ठिकाणी तो स्वतंत्र भारताचा वकील म्हणून राहिला. त्याचे नाव आप्पासाहेब बाळासाहेब पंत.

‘वकील’ हा शब्द आज आपण न्यायालयातील काळ्या डगल्याच्या गृहस्थास लावतो. मराठेशाहीत त्याचा अर्थ निराळा होता. परदरबारी राहून आपल्या धन्याचे म्हणणे मांडणारा, तेथील वारे कोणत्या दिशेचे आहे ते कळविणारा आणि प्रसंगी दोन्हीकडील रोष पत्करणारा जो माणूस, तो वकील. दिल्लीस हिंगणे आणि भागानगरास काळे ही पेशव्यांची वकील घराणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेत. खुद्द प्रतिनिधी घराण्यासही ही विद्या परकी नव्हती. जोतिबाच्या डोंगरावरून समोर पन्हाळा दिसतो, आणि त्याच्याही पलीकडे सह्याद्रीच्या रांगेत विशाळगड आहे. ह्या विशाळगडास औरंगजेबाचा वेढा पडला तेव्हा प्रतिनिधी घराण्याचे मूळपुरुष परशुराम त्रिंबक यांनी तो महिनोन्महिने झुंजविला आणि १७०२ साली, पावसाळा तोंडावर आला असता, बोलणी करून व मोबदला घेऊन आपली माणसे गडाखाली सुखरूप उतरविली. तलवार कोठे थांबवावी आणि जीभ कोठे चालवावी, ह्याचा हा धडा ह्याच मुलखात गिरविला गेला होता.

आप्पासाहेबांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ रोजी झाला. वडील भवानराव श्रीनिवासराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी, हे १९०९ साली गादीवर आलेले औंधचे अधिपती. संस्थान लहानसे, क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, गावे ७२, आणि तीही एका सलग पट्ट्यात नव्हेत, तर दूरदूर विखुरलेली. परंतु राजा मात्र लोकविलक्षण! तो स्वतः चित्रे काढी, कीर्तने करी आणि दररोज पहाटे सूर्यनमस्कार घाली. घाली इतकेच नव्हे, तर शाळेतील मुलामुलींकडूनही ते घालवून घेई. लक्ष्मणराव किर्लोस्करांस कारखान्यासाठी माळरानावर जागा देऊन किर्लोस्करवाडी वसविण्यास हातभार लावणारे तेच, आणि १९३८ साली औंधास श्रीभवानी संग्रहालय स्थापन करून त्यात देशोदेशीची चित्रे व शिल्पे आणून ठेवणारेही तेच. कुंडलच्या बाजारास आलेला शेतकरी आणि विलायतेहून आलेला पाहुणा ह्या दोघांशी सारख्याच मोकळेपणाने बोलण्याची सवय ह्या घरातच मुलास लागली असली पाहिजे.

मुंबई विद्यापीठाची पदवी, पुढे ऑक्सफर्ड आणि बॅरिस्टरीची परीक्षा, असे त्या काळच्या राजपुत्रास शोभेल असे शिक्षण घेऊन आप्पासाहेब १९३७ साली परत आले. अशा राजपुत्राने पुढे काय करावे ह्याचे ठरीव उत्तर होते. शिकार करावी, मेजवान्या द्याव्या, गादीची वाट पहावी. औंधास निराळेच घडले. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात काम करणारे मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक यहुदी अभियंते आप्पासाहेबांच्या परिचयाचे झाले. विजेच्या यंत्रांत मुरलेला हा मनुष्य वेदांताच्या आणि गांधीजींच्या मार्गास लागला होता. सत्ता राजाने स्वतः होऊन प्रजेच्या हाती द्यावी, ही कल्पना पुढे आली. बाळासाहेबांनी ती उचलून धरली आणि मसुदा गांधीजींच्या पुढे गेला. १९३८ च्या नोव्हेंबरात, राजाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने, घोषणा झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधचे स्वराज्य संविधान अमलात आले.

ह्या संविधानाची रचना थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण आप्पासाहेबांच्या पुढील साऱ्या वकिलीचे बीज तिच्यात आहे. प्रत्येक गावाने आपले पंच निवडावे. गावोगावच्या पंचांतून तालुक्याची समिती व्हावी. तालुक्यांतून विधिमंडळ उभे रहावे आणि मंत्र्यांनी त्यास जबाबदार असावे. मताचा हक्क हवा असेल तर अक्षरओळख करून घ्यावी आणि राजघराण्याने खेड्यांतील माणसांप्रमाणे साधेपणाने रहावे, ह्यावर गांधीजींचा कटाक्ष होता. ऑक्सफर्डहून आलेला राजपुत्र गावोगाव हिंडून लोकांस पंचायतीचे काम समजावून सांगू लागला. पुढे १९४४ पासून संस्थानचे मुख्य मंत्रिपद त्यांच्याकडे आले. आटपाडीजवळ कैद्यांना भिंतीवाचून, विश्वासावर ठेवण्याचा स्वतंत्रपूरचा प्रयोग औंधनेच १९३९ साली सुरू केला. कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला, त्याची प्रेरणा ह्याच वसाहतीत होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

१९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि औंधचे राज्य संपले. पस्तीस वर्षांचे आप्पासाहेब रिकामे झाले म्हणावे, तर त्याच वर्षी पंडित नेहरूंनी त्यांची निवड ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील भारताचे आयुक्त म्हणून केली. ज्याने आपल्या घरची सत्ता स्वखुशीने सोडलेली पाहिली, त्यास दुसऱ्याच्या सत्तेखाली दडपलेल्या लोकांमध्ये पाठवावे, ही निवड मोठी मार्मिक होती.

पूर्व आफ्रिकेत भारतीयांची मोठी वस्ती होती. मोंबासापासून आत जाणारी युगांडा रेल्वे १८९६ ते १९०१ ह्या काळात बांधली गेली, तेव्हा सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले. त्यांतील कित्येक मेले, बहुतेक परतले, थोडे तेथेच राहिले. त्यांच्या मागोमाग दुकानदार, कारकून, सुतार, शिक्षक आणि वकील गेले. केनियात समाजाची उतरंड तीन पायऱ्यांची होती. वरच्या पायरीवर गोरे. थंड हवेच्या उंच पठारावरील उत्तम जमीन त्यांनी आपल्यासाठी राखून ठेवली होती. मधल्या पायरीवर भारतीय. त्यांस ती जमीन विकत घेण्यास बंदी होती, पण बाजारपेठ त्यांच्या हाती होती. तळाशी स्वतःच्याच देशात परका झालेला आफ्रिकी.

नव्या आयुक्ताने येऊन गोऱ्यांशी भांडावे आणि आपल्यास त्यांच्या बरोबरीचे हक्क मिळवून द्यावे, अशी तेथील पुष्कळ भारतीयांची साहजिकच अपेक्षा होती. आप्पासाहेबांनी त्यांस जे सांगितले ते कडू होते. हा देश आफ्रिकी लोकांचा आहे. येथे राहावयाचे तर त्यांच्या सुखदुःखाशी एकजीव होऊन रहा. त्यांच्या हक्कांच्या आड येणारे कोणतेही हक्क भारत सरकार तुमच्यासाठी मागणार नाही. हे धोरण नेहरूंचेच होते. परंतु दिल्लीत बसून धोरण आखणे निराळे आणि आपल्याच माणसांनी भरलेल्या सभेत, त्यांच्या पाहुणचाराचा स्वीकार करून, ते त्यांच्या तोंडावर सांगणे निराळे. परक्यास अप्रिय बोलण्यास धैर्य लागते. स्वकीयास अप्रिय बोलण्यास त्याहून अधिक लागते.

ते नुसते बोलून थांबले नाहीत. आफ्रिकी तरुणांस भारतात उच्च शिक्षण मिळावे म्हणून शिष्यवृत्त्यांचा त्यांनी पाठपुरावा केला. जोमो केन्याटा आणि त्यांचे सहकारी यांच्याशी त्यांनी उघड स्नेह ठेवला. १९५० साली बेल्जियन कांगो, रुआंडा-उरुंडी आणि मध्य आफ्रिका ह्यांचीही जबाबदारी त्यांच्यावर आली. गांधीजींच्या स्मारकासाठी तेथील भारतीयांनी जमविलेला निधी सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांस खुल्या असलेल्या उच्च शिक्षणाच्या संस्थेस लागला. ती संस्था म्हणजे पुढे ज्यातून नैरोबीचे विद्यापीठ वाढले ते रॉयल टेक्निकल कॉलेज.

ऑक्टोबर १९५२ मध्ये माऊ माऊ चळवळीचे निमित्त होऊन केनियात आणीबाणी पुकारली गेली आणि केन्याटांस अटक झाली. कापेंगुरिया येथे त्यांच्यावर जो खटला चालला, त्यात इंग्रज बॅरिस्टर प्रिट यांच्या जोडीला भारतीय कायदेपंडित उभे राहिले आणि भारतातून दिवाण चमनलाल त्यासाठी गेले. पिओ गामा पिंटो ह्या गोमंतकीय वंशाच्या तरुणास तर आफ्रिकी चळवळीची बाजू घेतल्याबद्दल १९५४ साली स्थानबद्ध व्हावे लागले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ह्या साऱ्या वाऱ्याचा उगम भारताच्या आयुक्ताच्या बंगल्यात होता. दिल्लीकडे तक्रारींवर तक्रारी गेल्या आणि १९५४ साली आप्पासाहेबांस आफ्रिका सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. यजमान सरकारची नाराजी आणि स्वदेशाचा गौरव एकाच वर्षी मिळणे, ह्याहून वकिलाच्या सचोटीची निराळी साक्ष कोणती हवी?

परंतु वकिलाच्या मनाची खरी परीक्षा पुढच्या नेमणुकीत झाली. १९५५ साली आप्पासाहेब सिक्कीममध्ये पोलिटिकल ऑफिसर म्हणून गेले. सिक्कीम आणि भूतान येथील भारताचे सर्व काम त्यांच्याकडे होते. शिवाय ल्हासा, ग्यांत्से आणि यातुंग ह्या तिबेटातील भारतीय ठाण्यांवर देखरेखही त्यांचीच. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ एप्रिल १९५४ रोजी, भारताने चीनशी करार करून तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले होते आणि त्याच करारात पंचशीलाची पाच तत्त्वे लिहिली गेली होती. गंगटोकच्या टेकडीवरील निवासातून हिमालयाची शिखरे दिसत आणि त्या शिखरांपलीकडून व्यापारी, यात्रेकरू, लामा आणि सरदार भयभीत मुद्रेने खाली येत. आप्पासाहेब स्वतःही घाट ओलांडून तिबेटात जाऊन आले. तेथे काय चालले आहे ते दिल्लीस कळविताना त्यांनी आपली सहानुभूती लपविली नाही.

१९५६ च्या हिवाळ्यात गौतम बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या सोहळ्यासाठी दलाई लामा भारतात आले. वय अवघे एकवीस वर्षांचे. नथू ला ओलांडून गंगटोकमार्गे ते खाली उतरले. भारतात राहून जावे, परत जाऊ नये, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता आणि त्यांच्या भोवतीच्या कित्येकांचे मत तेच होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी आश्वासने दिली. पंडित नेहरूंनी परत जाण्याचा सल्ला दिला. परतीच्या वाटेवर बर्फाने घाट अडला म्हणून दलाई लामांस काही काळ गंगटोकास थांबावे लागले. १० फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांच्याच हस्ते तेथील तिबेटविद्येच्या संस्थेची कोनशिला बसविण्यात आली. पुढे त्या संस्थेचे उद्घाटन नेहरूंनी १९५८ साली केले.

त्या दिवसांतील गंगटोकचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. यजमान औंधचा राजपुत्र. ज्याच्या वडिलांनी राज्य सोडले ते कोणाच्या धाकाने नव्हे, आपल्या मर्जीने. पाहुणा तिबेटचा धर्मराजा. ज्याचे राज्य त्याच्या हातून त्याच्या मर्जीविरुद्ध निसटत आहे. यजमानाच्या मनात पाहुण्याविषयी आदर आणि काळजी आहे. परंतु त्याच्या हाती जे आहे ते धोरण पाहुण्यास परत पाठविण्याचे आहे. घाट मोकळा झाला, दलाई लामा नथू ला चढून परत गेले आणि यजमानाने सरकारी शिष्टाचाराप्रमाणे त्यांस निरोप दिला. दोनच वर्षांनी, १७ मार्च १९५९ च्या रात्री, दलाई लामांनी ल्हासा सोडली आणि महिनाअखेर ते तवांगच्या बाजूने आश्रयार्थी म्हणून भारतात आले. त्यांच्या मागोमाग हजारो निर्वासितांचे लोंढे सिक्कीमच्याही घाटांतून उतरू लागले.

येथे वकिली ह्या धर्माचे मर्म आहे. वकिलाने आपणांस दिसले ते धन्यास स्पष्ट कळवावे. धन्याने ते ऐकून निराळा निर्णय घेतला, तर तो निर्णय प्रामाणिकपणे पार पाडावा. मनास पटत नाही म्हणून आज्ञा मोडणारा वकील देशाचे नुकसान करितो. आज्ञा पाळावयाची म्हणून डोळ्यांनी पाहिलेले दडपणारा वकील त्याहून मोठे नुकसान करितो. आप्पासाहेब ह्या दोहोंच्या मधल्या अरुंद पाऊलवाटेने चालले. ती वाट सुखाची नव्हती. नेहरूंच्या धोरणाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे; हिमालयापलीकडे सैन्य पाठविण्याचे बळ त्या वेळच्या भारतापाशी नव्हते. पण ज्यास निरोप द्यावा लागला त्याच्या मनास अशा युक्तिवादाने शांती मिळते असे नाही.

सप्टेंबर १९५८ मध्ये नेहरू, इंदिरा गांधी आणि आप्पासाहेब भूतानास गेले, तो प्रवासही सांगण्यासारखा आहे. भारतातून भूतानच्या आत जाण्यास त्या वेळी मोटारीचा रस्ताच नव्हता. म्हणून गंगटोकहून नथू ला चढून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यात यातुंगला उतरून, तेथून पुन्हा डोंगर ओलांडून घोड्यावरून आणि पायी पारोस जावयाचे! स्वतंत्र भारताचा पंतप्रधान आपल्या शेजाऱ्याच्या भेटीस तिसऱ्याच्या अंगणातून जात होता. ह्यातील अर्थ कोणाच्याही ध्यानात यावा. थोड्याच वर्षांत भारताच्या साहाय्याने भूतानात रस्ते झाले. तेथील राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांनी १९५३ सालीच राष्ट्रीय सभा स्थापन करून प्रजेस राज्यकारभारात आणण्यास आरंभ केला होता. अशा राजाशी बोलताना औंधच्या पंचायतीचा जुना मंत्री किती आपलेपणाने बोलला असेल, हे सांगावयास नको.

१९६१ साली आप्पासाहेब इंडोनेशियात राजदूत झाले. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तैवान आणि इस्रायल यांस इंडोनेशियाने प्रवेश नाकारला. गुरुदत्त सोंधी ह्या भारतीय क्रीडाधिकाऱ्याने त्याविरुद्ध आवाज उठविताच तेथील जनमत भारतावर उसळले. ३ सप्टेंबर १९६२ रोजी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला करून मोडतोड केली. दुसऱ्याच दिवशी, प्रेक्षकांच्या हेटाळणीच्या आरोळ्यांत, भारतीय फुटबॉल संघाने दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. सात वर्षांपूर्वी, १९५५ साली, ह्याच देशात बांडुंग येथे आशिया-आफ्रिकेच्या बंधुत्वाच्या घोषणा झाल्या होत्या. घोषणा आणि दगड ह्यांमधील अंतर किती थोडे असते, हे राजदूताने आपल्या खिडकीतूनच पाहिले.

नॉर्वेतील १९६४ ते १९६६ हा काळ त्या मानाने शांततेचा गेला. कैरोस गेल्यावर मात्र जून १९६७ चे युद्ध पहावे लागले. सहा दिवसांत इजिप्तने सिनाई गमावले आणि सुएझचा कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. नासर आणि नेहरू यांनी जोडलेला स्नेह नेहरूंच्या पश्चात, पराभवाच्या काळात, टिकवून धरण्याचे काम आप्पासाहेबांकडे होते. विजयी मित्राकडे जाणारे पुष्कळ असतात. हरलेल्याच्या दारी जो जाऊन बसतो, त्याची आठवण राहते.

१९६९ साली ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त म्हणून आले आणि तेथे त्यांच्या आयुष्याचे एक वर्तुळ पुरे झाले. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला होता. ज्यांस त्यांनी वीस वर्षांपूर्वी ‘येथे एकजीव होऊन रहा’ असे विनविले होते, त्यांपैकी हजारो भारतीय आता ब्रिटिश पारपत्र हाती घेऊन नैरोबी सोडीत होते आणि १९६८ च्या कायद्याने ब्रिटनने त्यांच्या येण्यावर मर्यादा घातली होती. ही माणसे कोणाची, ब्रिटनची की भारताची, हा तंटा दोन्ही सरकारांत चालू होता आणि भारताची बाजू मांडण्याचे काम लंडनमध्ये आप्पासाहेबांकडे होते. १९७२ साली, त्यांच्या लंडनमधील कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी, युगांडाच्या ईदी अमीनने तर आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला.

आपला सल्ला मानला असता तर हे टळले असते, असे म्हणण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु तसे म्हणणे न्यायाचे नाही. अमीनच्या वरवंट्याखाली केवळ अलिप्त राहिलेले दुकानदारच सापडले असे नाही. युगांडाचे नागरिकत्व घेऊन तेथील मातीशी एकरूप झालेल्यांचीही कागदपत्रे रद्द ठरविण्यात आली. चांगला सल्ला पाळल्याने संकट टळतेच असे नाही. तथापि त्यामुळे सल्ला खोटा ठरत नाही. केनियात गामा पिंटोसारख्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते त्यांनी त्या देशाचे दुःख आपले मानले म्हणून. १९४८ साली सभेत उच्चारलेल्या त्या कडू शब्दांचे मोल एवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे.

लंडनमध्येच १९७१ चे वर्ष आले. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते आणि जगापुढे ही गोष्ट मांडण्याचा भार देशोदेशीच्या भारतीय वकिलातींवर होता. युद्ध झाले, बांगलादेश स्वतंत्र झाला. ८ जानेवारी १९७२ रोजी पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटलेले शेख मुजीबुर रहमान विमानाने लंडनमध्ये उतरले, तेव्हा भारताच्या वतीने आप्पासाहेब त्यांस भेटले. एका पाहुण्यास त्याच्या हरवणाऱ्या देशात परत पाठविण्याचे दुःख ज्याने गंगटोकास भोगले, त्याच्या वाट्यास पंधरा वर्षांनी दुसऱ्या पाहुण्यास त्याच्या नव्या, स्वतंत्र देशाच्या वाटेस लागताना पाहण्याचे भाग्य आले.

१९७२ ते १९७५ रोममध्ये काढून आप्पासाहेब निवृत्त झाले. जेथे गेले तेथे वडिलांचा सूर्यनमस्कार त्यांनी सोडला नाही. त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहून तो परदेशीयांसही शिकविला. पत्नी नलिनीदेवी शस्त्रक्रियेतील उच्च पदवी मिळविलेल्या डॉक्टर होत्या. त्यांची साथ ह्या साऱ्या भ्रमंतीत त्यांस लाभली. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या. १९८७ च्या एका पुस्तकाचे ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडंट्स’ हे नावच त्यांच्या स्वभावाची खूण आहे. आणि १९८९ साली आपल्या विलक्षण पित्यावर व औंधच्या प्रयोगावर त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. ५ ऑक्टोबर १९९२ रोजी, ऐंशी वर्षे पुरी करून, ते निवर्तले.

त्यांच्या कारकिर्दीकडे पाहता एक गोष्ट मनात ठसते. ज्या ज्या देशात ते गेले, तेथे त्यांच्यापुढे एकच प्रश्न निरनिराळ्या वेषात उभा राहिला. सत्ता कोणाची, आणि ती हाती असलेल्याने ती कशी सोडावी? केनियातील गोऱ्यांनी ती बंदुकीच्या धाकाने धरून ठेवली. तिबेटात ती बळाने हिरावली गेली. भूतानच्या राजाने ती थोडी थोडी प्रजेच्या हाती ठेवली. ह्या प्रश्नाचे उत्तर आप्पासाहेबांनी पुस्तकात वाचलेले नव्हते; औंधच्या ७२ गावांत, पारावरच्या पंचायतीत बसून ते त्यांनी अनुभवलेले होते. परदेशात बोलताना त्यांच्या शब्दास जे वजन आले ते ह्या अनुभवामुळेच. ज्या घराने स्वतः काही सोडलेले नाही, त्याने दुसऱ्यास त्याग शिकविला तर कोण ऐकणार?

चैत्री पौर्णिमेस जोतिबाची पालखी यमाईच्या भेटीस जाते आणि रात्री पुन्हा आपल्या देवळात परतते. ती तेथेच राहिली, तर देऊळ ओस पडेल. ती निघालीच नाही, तर भेट होणार नाही. वकिलाचेही असेच आहे. परक्यांच्या अंगणात मनापासून जाणे आणि आपल्या दैवतास न विसरता परत येणे, ह्या दोन्ही गोष्टी त्याने साधावयाच्या असतात. औंधच्या ह्या पुत्राने त्या साधल्या. पुढील चैत्रात डोंगर चढून जाणाऱ्या एखाद्या यात्रेकरूने यमाईच्या देवळापुढे थांबून क्षणभर औंधच्या दिशेने पाहिले आणि ह्या मुलखातून निघालेली एक हाक किती दूरवर पोचली होती ते आठवले, तर ते स्मरण अस्थानी होणार नाही.